जुन्या फ्रिजचा स्मोकर करताना

स्मोकर म्हणजे मांसाला लाकडाचा धूर देत शिजवायची पेटी. त्यासाठी जुना फ्रिज समोर आला की आधी दार उघडा आणि आतल्या भिंतीला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर निम्मं काम झालं म्हणा. घसरून पडला तर नखाने टकटक करा. टणक, धातूचा आवाज आला तर आत स्टेनलेस स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम असेल. बद्द आवाज आला तर प्लॅस्टिक आहे. मग तो फ्रिज कितीही धडधाकट असो, फुकट मिळत असो, मांसाला गरम धुरी द्यायच्या, म्हणजे धुरात शिजवायच्या, कामाचा नाही.

हे मी वाचून शिकलो नाही. माझा पहिला फ्रिज आतून प्लॅस्टिकचाच होता. ‘आपल्याला कुठे भट्टी लावायची आहे, शंभर अंशांपर्यंत तर न्यायचं’ असं म्हणून मी खाली शेगडी ठेवली आणि दार लावलं. दोन तासांनी उघडलं तेव्हा मागची भिंत फोड आल्यासारखी फुगली होती, कप्प्यांच्या खाचा ओघळल्या होत्या आणि वास असा की आतलं मांस कुत्र्यालाही घालावंसं वाटेना. फ्रिजच्या आतलं प्लॅस्टिक बहुधा पॉलिस्टायरीनच्या जातीचं असतं आणि ते ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. म्हणजे मांस शिजायला जेवढी उष्णता लागते, नेमकी तेवढ्यातच भिंत ढासळते.

म्हणून या लेखातला सगळ्यात मोठा भाग फ्रिज निवडण्याचा आणि सोलण्याचा आहे. भोकं पाडणं, जाळ्या बसवणं हे एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. चुकीचा फ्रिज मात्र नंतर कितीही डागडुजी करून बरोबर होत नाही.

कोणता घ्यायचा

साधारण १९५०च्या दशकापर्यंत बनलेल्या फ्रिजना आतून एनॅमल, म्हणजे काचेसारखा कडक लेप, चढवलेला पोलादी पत्रा असे आणि दोन पत्र्यांच्या मध्ये काचलोकर किंवा रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) भरलेली असे. स्मोकरसाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. एनॅमल पुसता येतं आणि काचलोकर पेट घेत नाही. पुढे आतल्या अंगाला प्लॅस्टिक आलं, मधल्या पोकळीत पॉलियुरेथेन फोम आला. फोम थंडी राखायला उत्तम, पण खूप तापला की विघटन होऊन विषारी वायू सोडतो. पेटलाच तर कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो.

इतका जुना फ्रिज मिळणं सोपं नाही, हे खरं. त्यातल्या त्यात बरी वाट म्हणजे हॉटेलांच्या किचनमधले उभे, आतून-बाहेरून स्टेनलेस स्टीलचे फ्रिज. त्यांच्या भिंतीत फोमच असतो, पण तो पूर्णपणे पत्र्याआड बंद असतो. असा फ्रिज मी थंड धुरीसाठी बिनधास्त वापरेन, गरम धुरीसाठी नाही. आतलं प्लॅस्टिक आणि फोम दोन्ही उपटून नवा पत्रा आणि रॉकवूल बसवणारे लोकही आहेत. तसं करता येतं, पण ती मेहनत आणि तो पत्रा घातल्यावर नवीन पेटीच बनवली असती असं वाटतं. नवख्या माणसाने त्या फंदात पडू नये.

प्लॅस्टिकचाच फ्रिज हाताशी असेल तर त्याचा एकच सुरक्षित उपयोग आहे: थंड धुरी. त्यात धूर बहुधा बाहेर तयार होतो, नळीतून गार होत आत येतो आणि आतलं तापमान ३० अंशांच्या वर जात नाही. त्याबद्दल शेवटाकडे येतो.

कुलूप आधी, बाकी सगळं नंतर

जुन्या फ्रिजच्या दाराला बाहेरून खटक्याने बसणारी कडी असते. आत शिरलेल्या मुलाला ती आतून उघडता येत नाही आणि रबर घट्ट बसल्यामुळे हवाही मिळत नाही. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये अशी लहान मुलं गुदमरून मेली, म्हणूनच अमेरिकेत १९५६ साली फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे असा कायदा झाला. आज दारांना चुंबकाची पट्टी दिसते ती त्यानंतर रुळली. तेव्हा फ्रिज अंगणात आला त्याच दिवशी, हात धुवायच्याही आधी, ती कडी काढा. काम चालू असेपर्यंत दार बिजागरीवरून उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं तर आणखी उत्तम.

दुसरी गोष्ट गॅसची. कॉम्प्रेसर आणि नळ्या काढायच्याच आहेत, पण करवत घेऊन नळी कापू नका. मागच्या पाटीवर कोणता गॅस आहे ते लिहिलेलं असतं. खूप जुन्या यंत्रांत सल्फर डायऑक्साइड, अमोनिया किंवा मिथिल क्लोराइड असे, आणि हे तिन्ही विषारी. त्यानंतरच्या पिढीतला आर-१२ माणसाला फारसा त्रास देत नाही, पण ओझोनचा थर खातो. १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झालं आणि तो हवेत सोडणं अनेक देशांत गुन्हा आहे. अलीकडच्या घरगुती फ्रिजमध्ये असतो आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो सरळ पेट घेतो. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलवा, तो यंत्राने गॅस काढून घेईल. त्यालाच कॉम्प्रेसर आणि असेल तर कपॅसिटर सोडवायला सांगा. वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि हाताला जोरदार झटका बसतो.

आता फ्रिज सोला. दिवा, थर्मोस्टॅट, पंखा, सगळ्या वायरी, फ्रीझरचा कप्पा, ड्रॉवर, दाराच्या आतली प्लॅस्टिकची पाटी, जे धातूचं नाही ते सगळं बाहेर. दाराचं रबरही काढा. ते व्हिनाइलचं असतं, गरम धुरात आधी मऊ पडतं, मग चिकट होतं, मग फाटतं. त्याच्या जागी काचतंतूंचा वेणीसारखा विणलेला दोर लावायचा. लाकडावर चालणाऱ्या शेगड्यांच्या दाराला लावतात तोच.

जाळ्यांचा मोह पडतो, कारण त्या मापाच्या असतात आणि घासल्या की चकाकतात. टाकून द्या. जुन्या फ्रिजच्या काही जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असे, तो विषारी आहे, आणि नुसतं बघून तो क्रोमपासून ओळखता येत नाही. जस्ताचा मुलामा असलेली जाळीही नको, कारण धूर आम्लधर्मी असतो आणि जस्त त्यात झिजून मांसाला लागतं. साध्या स्टेनलेस स्टीलच्या जाळ्या आणि आकडे घ्या.

सगळं निघाल्यावर भिंतीत लहानमोठी बरीच भोकं उरतात. प्रत्येकावर स्टेनलेस पत्र्याचा तुकडा ठेवून स्टीलच्या रिव्हेटने बसवा आणि कडेने उष्णता सहन करणारं, अन्नासाठी चालणारं सिलिकॉन भरा. काचलोकर उघडी पडली असेल तर हातमोजे आणि मास्क घालूनच तिच्याजवळ जा. पोकळीत राखाडी, भुसभुशीत, तंतुमय असं काही निघालं आणि ते काय आहे हे ओळखता आलं नाही, तर तिथेच थांबा. अ‍ॅस्बेस्टॉसची शंका असलेली वस्तू घरी उकरायची नसते. बाहेरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. उष्णता बाहेरपर्यंत पोचत नाही, तो रंग आहे तसा राहू दे.

धुराला येण्याची आणि जाण्याची वाट

फ्रिज ही मुळात हवा कोंडून ठेवायची पेटी आहे. स्मोकरला हवे कप्पे, जाड भिंती आणि नीट बसणारं दार तिच्यात आयतं मिळतं. पण तिचा तो कोंडण्याचा गुण मोडल्याशिवाय धुरी बसत नाही. धूर आत साठवायचा नसतो. तो मांसाला घासून पुढे गेला पाहिजे आणि त्याच्या जागी ताजा आला पाहिजे. कोंडलेला धूर गार होतो, त्यातलं पाणी आणि डांबर भिंतींवर आणि मांसावर बसतं, आणि जे हाती येतं ते कडू असतं.

खाली एका बाजूला हवा आत येण्यासाठी साधारण ७५ मिलिमीटर व्यासाचं भोक, आणि वर, शक्यतो विरुद्ध बाजूला, १०० मिलिमीटरचं. वरचं खालच्यापेक्षा मोठं ठेवायचं. दोन्हींना झडप हवी. वरच्या भोकावर हातभर उंचीचं धुराडं बसवलं की ओढ चांगली लागते. त्यावर पावसासाठी टोपी घाला.

भोक पाडण्याआधी दोन गोष्टी बघा. नव्या फ्रिजमध्ये गॅसच्या नळ्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या असतात, म्हणून गॅस काढल्याशिवाय ड्रिल लावायचंच नाही. आणि एनॅमल काचेसारखं तडकतं. जिथे भोक पाडायचं तिथे चिकटपट्टी लावा, मध्ये बारीक भोक पाडून घ्या आणि मग मोठी गोल करवत सावकाश फिरवा. घाई केली की टिकल्या उडतात आणि उघडा पत्रा गंजतो.

आता जी गोष्ट बहुतेकजण विसरतात ती. भोक दोन पत्र्यांमधून आणि मधल्या काचलोकरीतून जातं, आणि ते तसंच उघडं सोडलं तर धूर भिंतीच्या पोटात शिरतो. तिथे तो चरबीच्या वाफेसकट मुरत बसतो. दोन महिन्यांनी खवट वास येतो, तो कुठून ते सापडत नाही, आणि तेलकट झालेली ती लोकर एखाद्या दिवशी पेटूही शकते. म्हणून भोकाच्या मापाचा स्टीलच्या पाइपचा तुकडा घ्या, भिंतीच्या जाडीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब. तो आरपार बसवा, दोन्ही टोकांना कडा बाहेर वळवा आणि सिलिकॉनने बंद करा. वीस मिनिटांचं काम आहे.

दार बसवून झालं की रात्री अंधारात आत टॉर्च लावून ठेवा आणि बाहेरून एक फेरी मारा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे फट. बारीकसारीक फटींची काळजी करू नका, त्या काही दिवसांत काजळीने आपोआप बुजतात. बोट जाईल एवढी फट असेल तर दोर पुन्हा बसवा.

आच कशाची

नवख्यासाठी माझं मत विजेच्या शेगडीच्या बाजूने आहे. सुमारे ३०० लिटरच्या, चांगल्या भिंतींच्या पेटीला १००० ते १५०० वॉटची एक शेगडी पुरते. तिच्यावर लोखंडी तवा आणि तव्यात लाकडाच्या ढलप्या. उष्णता आणि धूर एकाच जागेहून मिळतात आणि तापमान नियंत्रकाने आवरता येतं. नियंत्रकाचं डोकं बाहेर ठेवा, फक्त त्याचा संवेदक आत, मांस ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवर, पण मांसाला न टेकता.

फ्रिजची जुनी वायरिंग वापरू नका, एक इंचही नाही. शेगडीची वायर आत जिथे येते तिथे ती उष्णता सहन करणाऱ्या आवरणाची हवी. आणि हे लक्षात घ्या की आपण आता वीज, ओल, मीठ आणि माणसाच्या उंचीची धातूची पेटी एकत्र आणतो आहोत. पेटीच्या पत्र्याला स्वतंत्र अर्थिंग द्या आणि हे सगळं ३० मिलिअँपिअरला तुटणाऱ्या गळती-सुरक्षा स्विचवरून (आरसीसीबी) चालवा. हे स्वतःला जमत नसेल तर वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा काही नाही.

शेगडी थेट तळावर ठेवायची नाही. खाली विटा, त्यावर स्टीलचा पत्रा, मग शेगडी. शेगडी आणि मांसाच्या मध्ये चरबी झेलणारं ताट हवंच. ते भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर आखूड ठेवा म्हणजे धूर कडेने वर जाईल. चरबी तापल्या तव्यावर गळली की दोन गोष्टी होतात: एक तर ती पेट घेऊ शकते, दुसरं म्हणजे तिच्या जळण्यातून बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं तयार होऊन धुराबरोबर परत मांसावर बसतात. युरोपीय संघात धुरावलेल्या मांसात बेन्झोपायरीनची मर्यादा २०१४पासून किलोला २ मायक्रोग्रॅम एवढी कडक आहे. घरी आपण ते मोजू शकत नाही. ताट लावू शकतो, ज्वाळा होऊ न देता लाकूड धुमसत ठेवू शकतो. आणि तरीही हे रोजचं जेवण नव्हे. प्रक्रिया केलेलं मांस, ज्यात धुरावलेलंही येतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये कर्करोगकारक म्हणून नोंदवलं आहे.

कोळशावर चालवायचं असेल तर फक्त आतून पोलादी पत्र्याच्या आणि काचलोकरीच्या फ्रिजमध्ये. पण सुरुवातीला कोळसा आणि लाकूड दोन्ही सांभाळताना माणूस गोंधळतो. मी वर्षभर विजेवर हात बसवला, मग कोळशाकडे वळलो.

जागा मोकळीच हवी. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून, गॅलरीत खिडकीपाशी, असले मधले मार्ग नकोत. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड येतो आणि त्याला वास नसतो.

लाकूड आणि धूर

पानझडी झाडांचं कठीण लाकूड घ्या: ओक, बीच, मेपल, हिकरी, किंवा सफरचंद-चेरीसारखी फळझाडं. पाइन, देवदार अशी राळेची झाडं नकोत, त्यांच्या धुराला टर्पेंटाइनची झाक येते. प्लायवूड, रंगवलेलं, पॉलिश केलेलं, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड, जुन्या खोक्यांच्या फळ्या, यातलं काहीही नाही. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. त्यात डिंक आणि प्लायवूडची पूड किती आहे हे त्यालाही माहीत नसतं.

ढलप्या पाण्यात भिजवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी भिजवत नाही. भिजवलेलं लाकूड आधी पाण्याची वाफ सोडतं आणि मग, उशिरा, तेच करतं जे कोरडं लाकूड पहिल्यापासून करतं. त्या पांढऱ्या वाफेलाच लोक धूर समजतात.

लाकूड तापतं तेव्हा त्यातले घटक एकेक करून फुटतात. २०० अंशांच्या पुढे हेमिसेल्युलोज, मग सेल्युलोज, आणि ३०० अंशांच्या पुढे मुख्यतः लिग्निन. धुराचा जो ओळखीचा वास, तो या लिग्निनमधून निघणाऱ्या ग्वायकॉलसारख्या द्रव्यांचा. म्हणून तवा चांगला तापलेला हवा. पण ढलप्यांनी ज्वाळा धरली तर ही द्रव्यं जळूनच जातात. उलट हवा कमी पडली तर लाकूड अर्धवट जळून दाट, पिवळट धूर येतो.

धुराड्याच्या तोंडाकडे बघत राहा. बाहेर पडणारा धूर विरळ, निळसर, मागचं झाड दिसेल इतका पातळ असेल तर सगळं ठीक चाललंय. कापसासारखा पांढरा, गच्च येत असेल तर खालची झडप जास्त उघडा आणि तव्यातल्या ढलप्या कमी करा. पहिल्या-दुसऱ्या खेपेला मी वरची झडप जवळपास बंद करून ठेवली होती, ‘एवढा चांगला धूर वाया का घालवायचा’ म्हणून. कोंबडी दिसायला तांबूस, देखणी झाली होती. पहिल्या घासाला जीभ बधिर झाली, दाताच्या डॉक्टरने औषध लावल्यासारखी. तेव्हापासून वरची झडप पूर्ण उघडी आणि आवरायचं ते खालच्या झडपेने, एवढाच नियम पाळतो.

ढलप्या एकदम ओतायच्या नाहीत. मूठ-दीड मूठ, संपत आल्या की पुन्हा मूठभर. मांस गार आणि किंचित ओलसर असताना धूर जास्त धरतं, म्हणून पहिले दोन तास महत्त्वाचे. त्यानंतर नुसत्या आचेवर शिजवलं तरी चालतं.

रिकामी भट्टी

मांस लावण्याआधी पेटी दोनदा रिकामी तापवा, दर वेळी तीन-चार तास, ज्या तापमानावर पुढे चालवणार त्याच्यापेक्षा दहा-वीस अंश वर, धुरासकट. यात पत्र्यावरचं तेल, सिलिकॉनचा वास, राहिलेला साबण सगळं जळून जातं आणि भिंतींवर तपकिरी थर चढतो. याच वेळी वरच्या, मधल्या आणि खालच्या जाळीवर तीन थर्मामीटर ठेवा. माझ्या पेटीत वर आणि खाली १८ अंशांचा फरक निघाला होता, आणि दारावरची शोभेची तबकडी तिसरंच काहीतरी सांगत होती. थर्मामीटर आधी बर्फाच्या चुऱ्याच्या पाण्यात घालून शून्य दाखवतो का ते तपासा.

दुसऱ्या खेपेनंतरही रंग किंवा प्लॅस्टिक जळल्याचा वास येत असेल तर कुठेतरी काहीतरी राहिलंय. ते सापडेपर्यंत आत अन्न जाणार नाही.

पहिलं मांस

मोठा तुकडा घेऊन दिवस घालवू नका. कोंबडीच्या तंगड्या घ्या. स्वस्त, लवकर होणाऱ्या, चुकल्या तरी फार दुःख न होणाऱ्या. वजनाच्या २ टक्के मीठ, म्हणजे किलोला २० ग्रॅम, चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. चालू फ्रिजमध्ये, हे सांगायला नको.

सकाळी पाणी टिपून घ्या आणि जाळीवर उघड्या ठेवून पुन्हा दोन-तीन तास त्याच फ्रिजमध्ये सुकू द्या. वरची त्वचा हाताला किंचित चिकट, चकचकीत लागली पाहिजे. त्या चिकट पापुद्र्यावर धूर बसतो. ओल्या मांसावर तो ओघळतो आणि डाग पडतात.

पेटी ११० अंशांवर आणून मग मांस लावा. तुकडे एकमेकांना आणि भिंतीला टेकू देऊ नका. दर दहा मिनिटांनी दार उघडून बघायची खाज येते, तिला आवर घाला, कारण प्रत्येक वेळी कमावलेली आच निघून जाते. तंगड्यांना साधारण दीड ते दोन तास लागतात, पण घड्याळावर जाऊ नका. टोकदार थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता खुपसा. कोंबडी ७४ अंशांना झाली. खिम्याच्या वस्तूंना ७१ हवेत, आणि डुकराच्या किंवा गुराच्या मांसाच्या अखंड तुकड्यांना ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विसावा. हे तळाचे आकडे आहेत, त्याच्या खाली नाही. ४ ते ६० अंश या टापूत जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून मांस चार तासांच्या आत या टापूतून पार झालं पाहिजे. पेटी ८० अंशांच्या खाली रेंगाळत असेल तर मोठे तुकडे लावूच नका.

कोंबडीची कातडी रबरासारखी झाली तर तुमचं काही चुकलेलं नाही. मंद आचेवर ती तशीच होते. शेवटी पाच मिनिटं कडक आचेवर उलटीपालटी करा.

पुढे कधीतरी मोठा तुकडा लावाल तेव्हा ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान थर्मामीटरचा काटा तासन्‌तास हलणार नाही. शेगडी बिघडली असं वाटून लोक आच वाढवतात. मांसातून निघणारं पाणी वाफ होताना त्याला गार करत असतं, घाम आपल्याला करतो तसं. पाणी संपत आलं की काटा आपोआप चढतो. त्या वेळी काही करायचं नसतं.

थंड धुरीचं प्रकरण

३० अंशांच्या खाली धूर द्यायचा तर एक वाट म्हणजे तो बाहेर तयार करायचा. पेटीपासून दोन मीटर लांब, तिच्यापेक्षा खालच्या पातळीवर एक लहान लोखंडी डबा आणि तिथून चढत आणलेला पत्र्याचा पाइप. धूर चढताना गार होतो आणि त्यातलं बरंच डांबर पाइपमध्येच बसतं. दुसरी सोय म्हणजे पेटीच्या आतच ठेवायचा बारीक स्टीलच्या जाळीचा, नागमोडी वळणांचा ट्रे. त्यात कोरडा भुसा भरून एका टोकाला पेटवला की तो उदबत्तीसारखा सरकत धुमसतो आणि आठ-दहा तास पुरतो. प्लॅस्टिकच्या फ्रिजला हा उपाय चालतो, ट्रे खाली विटेवर ठेवला तर.

पण थंड धुरीने मांस शिजत नाही. हे तासन्‌तास जंतूंच्या आवडत्या तापमानात, हवा कमी असलेल्या पेटीत लटकवून ठेवणं आहे, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला नेमकं तेच हवं असतं. त्यासाठी मांस आधी नायट्राइटच्या मिठात मुरवावं लागतं. ६.२५ टक्के नायट्राइट असलेलं मीठ किलोला २.५ ग्रॅम, म्हणजे दशलक्षात सुमारे १५६ भाग. चमच्याने अंदाजे नाही, ग्रॅमचा दशांश दाखवणाऱ्या काट्यावर. ते मीठ गुलाबी रंगवलेलं असतं, ते साध्या मिठात मिसळून जाऊ नये म्हणूनच. पहिल्या वर्षी थंड धुरी चीजला द्या, मिठाला द्या, बदामांना द्या. मांस-मासे थांबू शकतात.

काही बिनसलं तर

चरबीने पेट घेतला तर दार उघडायचं नाही. मनात पहिलं तेच येतं आणि तेच घातक, कारण आगीला हवा मिळते. वीज तोडा, दोन्ही झडपा बंद करा आणि थांबा. पाणी मारू नका. जवळ अग्निशामक नळकांडं असू दे. हा प्रसंग माझ्यावर एकदा आला, चरबीचं ताट आधीच्या खेपेनंतर रिकामं न केल्यामुळे. पंधरा मिनिटं धुराडं काळंकुट्ट ओकत होतं, मग आपोआप विझलं. आतलं मांस कोळसा, पेटी शाबूत.

काम झाल्यावर जाळ्या आणि ताट गरम पाण्याने धुवा. भिंतींवरचा तपकिरी, चकचकीत थर घासू नका, तो पत्र्याला गंजापासून वाचवतो. काळे, पोपडे धरलेले पापुद्रे मात्र खरवडा, नाहीतर ते मांसावर गळतात. दार फटीएवढं उघडं राहील असा लाकडाचा ठोकळा त्यात अडकवून ठेवा. आत ओल धरली की आठवड्यात बुरशी येते. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा आणि तो डबा रात्रभर फरशीवर, कशाच्याही जवळ नाही असा, ठेवा. विझलेली वाटणारी राख सकाळी चिमट्याने उकरली की आत लाल निखारा सापडतो.